हळेदु म्हणजे हळू नव्हे

मंगळवार, संध्याकाळ

बोम्मसंद्र्याच्या कारखान्यातल्या मशीनचा लिनक्स कर्नल, म्हणजे ते चालवणारा मूळ प्रोग्राम, मी नव्याने बिल्ड केला, पण मशीन सुरू करणारी फाइल, म्हणजे बूट इमेज, बनेना. डिस्कवर जागाच नाही! मशीन सांभाळणाऱ्या शिवण्णांना विचारलं, जुना कर्नल उडवू का? ते कन्नडमध्ये म्हणाले, "हळेदु इरलि." मला वाटलं, हळू कर म्हणतायत. मग काय, एकेक फाइल नीट बघून, हळूहळू, सगळा जुना कर्नल पुसला. नवी इमेज बनायच्या आत करंट गेला. आला, तर पडदा काळाच. मशीन उठेचना! शिवण्णा ओरडले, "हळेदु मतलब पुराना, म्याडम! पुराना रहने दो बोला था!"

सकाळची पाळी त्याच मशीनवर आहे. तीन वर्षं इथे राहून मला 'हळेदु' कळू नये? इतक्या सावकाश मी आजवर कशाचीच वाट लावली नव्हती.