काचेमागची टाळी

सेंट लुईस, १० फेब्रुवारी

प्रिय देवलेता मावशीस,
अझेमिनाचा सलाम, वि. वि.

बातमीच अशी आहे की सगळ्यांआधी तुलाच लिहितेय. आपला इशाक रमजानच्या पहिल्या रात्रीपासून तरावीहची लांबलचक नमाज पढवणार! नव्या मशिदीत, सगळ्या बोस्नियन मंडळींसमोर. पठ्ठ्याला अख्खं कुराण पाठ आहे, पण घाबरला की नमाजेच्या फेऱ्यांची, रकातींची, मोजणी विसरतो, हे तुला ठाऊकच आहे.

घोडं अडलंय आईपाशी. कमिटीनं बायकांच्या सज्जाला काच लावलीय. आई म्हणाली, इमाम चुकला तर पुरुष ‘सुभानल्लाह’ म्हणतात, आम्ही टाळी देतो. ती काचेतून खाली जाणार कशी? अध्यक्ष फिक्रेतकाका हसले. म्हणाले, वहिनी, खाली एवढे पुरुष असताना तुमच्या टाळीवाचून काय अडतंय? झालं! काचेमागे उभी राहीन तर नाव बदलीन, असं आईनं जाहीर केलं. मुलाची पहिली तरावीह, आणि आई घरी? इशाकला घास गिळवत नाही. तूच काहीतरी कर.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
अझेमिना

ट्राव्हनिक, १९ फेब्रुवारी

चि. अझेमिनास अनेक आशीर्वाद.

तुझी आई समजावून समजली असती तर मी म्हातारी झाले नसते! एवढीशी होती तेव्हा हिनं आमच्या इमामांना भर नमाजेत टाळी दिली होती. चूक इमामांचीच निघाली. अब्बा घरी येऊन आधी ओरडले, मग हलवा आणून दिला. तिथून चढलीय ती.

तिला सांग, शपथ काचेची घेतलीस, मशिदीची नाही. खालच्या दारात बूट ठेवायला फळी असेलच. तिथे उभं राहायला कुणाची ना आहे?

इशाकची दृष्ट काढ, आणि मला विसरू नका.
तुझी मावशी

सेंट लुईस, ८ मार्च

ती. ताईस, धाकटीचा सलाम.

ऐकलं हो तुझं! मशीद तुडुंब भरलेली. मी दारात, बुटांच्या फळीशेजारी. फिक्रेतनं पाहून न पाहिल्यासारखं केलं. आणि पोरगं काय गोड पढत होतं गं! माझे डोळेच भरून आले.

तेवढ्यात चार रकाती संपल्यावर बसायचं सोडून गाढव पाचवीला उभं! पुरुषांची गंमत बघ. जो तो समजला, आपलीच मोजणी चुकली. एकाच्या तोंडून सुभानल्लाह निघेना. वर सगळ्या बायका टाळ्या देतायत, अझेमिनाचे हात लाल झाले, पण खाली आवाज म्हणून नाही. मग मी दिली एक सणसणीत. इशाक मटकन खाली बसला. नंतर म्हणतो, लहानपणापासून स्वयंपाकघरात चुकलो की हीच टाळी ऐकलीय, झोपेतही ओळखेन.

नमाजेनंतर बायकांनी खाली येऊन फिक्रेतला आपले लाल तळवे दाखवले. दुसऱ्याच दिवशी स्वतः शिडी लावून त्यानं काच उतरवली. म्हणाला, वहिनी, आता तरी वर चला.

काल गेले. सज्जात अगदी पहिल्या रांगेत. हात नुसते शिवशिवत होते. आणि काय सांगू तुला ताई, मेला एकदाही चुकला नाही!

भांडायला का होईना, पण लिहीत जा.
तुझीच,
रहिमा