सात ते आठचा समुद्र

प्रिय दादा,

पत्र बघून दचकू नकोस. बाबा आहेत, मी आहे आणि फोनही चालू आहे. पण फोनवर तू "काय विशेष?" विचारतोस, मी "काही नाही रे" म्हणते, आणि हे आपल्याला इतकं पाठ झालंय की मधे तिसरं काही घुसवायला जागाच राहत नाही. म्हणून आज औषधाच्या दुकानातून अर्ध्या दिवसाची रजा काढली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लिहायला बसले आहे. बाहेरच्या खोलीत सांभाळायला येणाऱ्या मावशी बाबांची नखं कापतायत. बाबा त्यांना बोटागणिक सूचना देतायत, ते इथवर ऐकू येतंय. मावशी सहाला घरी जातात. त्यांना त्यांची पोरं आहेत, त्यापुढे त्या थांबणार नाहीत, मी विचारून बघितलं. सहा ते सकाळी साडेआठ बाबा आणि मी.

आधी चांगलं सांगते. मला या वयात समुद्र सापडला. हसू नकोस. घरापासून पाच मिनिटांवर आहे, आपण त्याच्याच वाळूत लोळून मोठे झालो, सगळं कबूल. पण तो दिवसाचा समुद्र. छत्र्या, आरडाओरडा, फोटो काढणारे, कोणाच्या तरी डोक्यात बसलेला कोणाचा तरी चेंडू. अंधार पडला की ही सगळी जत्रा कुठे जाते देव जाणे. सातला किनाऱ्यावर कोणी नसतं. एक कुत्रेवाले आजोबा तेवढे या टोकापासून त्या टोकापर्यंत जातात. आम्ही एकमेकांकडे बघून मान हलवतो, की संपलं. मी चपला हातात घेते आणि बंधाऱ्याच्या पलीकडे जाऊन बसते. वाळू वरून गार, पण बोटं खुपसली की आत दुपारचं ऊन अजून शिल्लक असतं. पाणी दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. कधी गुडघाभर पाण्यात जाऊन उभी राहते. कधी खिशातून आणलेले शेंगदाणे एकटी खाते, कोणाला देत नाही. एकदा मोठ्याने गाणं म्हटलं. माझा आवाज तुला माहीत आहे, आजोबांचं कुत्रं थांबून बघत राहिलं. त्या एका तासात मला कोणी "अगं" म्हणत नाही. दादा, मी इतकी सुखात शेवटची कधी होते ते मला आठवत नाही.

आता तू विचारशील, सात ते आठ बाबांजवळ कोण असतं? पण तू विचारलं नाहीस. फोनवर मी तुला दोनदा सांगितलं की हल्ली अंधार पडल्यावर समुद्रावर जाते. दोन्ही वेळा तू म्हणालास, "छान, जात जा." मला वाटलं, तिसऱ्यांदा सांगितलं तर विचारशील. मग सांगायचंच सोडून दिलं.

कोणी नसतं. मी बाबांना कोंडून जाते.

गेल्या वर्षी ते दोनदा निघून गेले. पहिल्यांदा बसथांब्यावर सापडले, ते तुला सांगितलं होतं. दुसऱ्यांदाचं नव्हतं सांगितलं. मागच्या गल्लीतल्या शिक्षकांच्या घरात शिरून त्यांच्या दाराचं अख्खं कुलूप खोलून बसले होते. शिक्षक घरी आले तर जमिनीवर स्क्रूंची रांग, आणि आपले बाबा त्यांनाच विचारतायत की कोणाची परवानगी घेऊन आत आलात. मी माफी मागितली, चहा पाजला, आणि घरी येऊन खूप हसले. मग वाटलं, त्या दिवशी रस्त्यावर ट्रकखाली आले असते, तर? दुसऱ्या दिवशी बाहेरून कडी लावून घेतली. ते काही जमलं नाही. कडी घातली की बाबा दार बडवायचे, ओरडायचे, माझं नाव घेऊन नाही, आईचं. शिवाय बाहेरून घातलेली कडी येणाऱ्याजाणाऱ्याला दिसते. शेजारणीने एकदा नुसतं कडीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि भाजीचे भाव विचारले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग मला बाबांची परीक्षा आठवली. तुला आठवते ना? कोणाकडे नवीन कुलूप बसवलं की बाबा स्वतःला आत कोंडून घ्यायचे आणि घरमालकाला चावी घेऊन बाहेर उभं करायचे. आतून तारा घालून उघडायला बघायचे. पंधरा मिनिटांत उघडलं तर कुलूप नापास, दुसरं बसवायचं. आपण दोघं बाहेर पायरीवर बसून आकडे म्हणायचो, तू नेहमी मधले दहा गाळायचास. आतून आवाज यायचा, "पास!" आणि बाबा घाम पुसत हसत बाहेर यायचे. जगात इतक्या आनंदाने हरणारा माणूस मी दुसरा बघितला नाही.

म्हणून मी बाजारातून दोन्ही बाजूंनी चावी लागणारं कुलूप आणलं, दाराच्या फळीतच बसवून घेतलं, आणि बाबांना सांगितलं, नवीन कुलूप आहे, तपासून द्या. दादा, त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते तू बघायला हवं होतंस. लगेच स्टूल ओढून दाराशी बसले. मी परत आले तरी तसेच, कान दाराला लावून. मला म्हणाले, बाई, पास आहे, पण वरची पट्टी जरा सैल वाटते. मी त्यांची गिऱ्हाईक होते. मी नळ सोडला आणि रडून घेतलं, मग जेवण वाढलं. त्या दिवसापासून ना बडवणं, ना ओरडणं. आणि मला पुढची अक्कल सुचली. चमच्याच्या दांड्याने कुलूप उचकताना त्यांची बोटं सोलवटत होती, म्हणून माळ्यावरून त्यांची तारांची कापडी गुंडाळी काढून हातात दिली. हाताला काम राहील, मला वाटलं. स्वतःच्या पोरीचं नाव विसरलेल्या माणसाला कुलूप काय आठवणार! असली चूक आपल्याच घरात होऊ शकते.

दीड महिना सगळं सुरळीत चाललं. मग तो मंगळवार. वारा नव्हता, पाणी इतकं शांत की लाट कधी आली ते पायाला कळायचं नाही. मी दहा मिनिटं जास्त बसले. डावीकडे दूर पाण्यात कोणीतरी उभं होतं, नुसती काळी आकृती. मला राग आला, दादा. खरं सांगते, मनात आलं, यालाही आजच यायचं होतं, माझ्या समुद्रात. मग वाटलं, असेल माझ्यासारखंच कोणी, आपल्याला काय. मी उठले, चपला झटकल्या आणि त्या माणसाकडे पाठ करून घरी आले. दार सताड उघडं होतं. स्टुलावर तारा नीट ओळीने मांडलेल्या.

कशी धावले ते मला आठवत नाही. पोचले तेव्हा कुत्रेवाले आजोबा छातीभर पाण्यात उभे राहून बाबांना दंडाला धरून ओढत होते, आणि बाबा त्यांना समजावत होते की त्यांना मालकीणबाईंना निरोप द्यायचाय. मला बघून त्यांचा चेहरा उजळला. दात वाजत होते, तशातच म्हणाले, "बाई, नापास." मी तुला फोनवर सांगितलं, बाबांना जरा सर्दी झालीय. सर्दी नव्हती. चार दिवस ताप होता. तू म्हणालास, "तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे."

त्यानंतर समुद्र बंद. आता सात वाजले की मी आतून कुलूप लावते, चावी गळ्यात घालते, आणि बाबांच्या समोर बसते. ते तारा घेऊन दाराशी, मी खुर्चीत. खिडकीतून लाटा ऐकू येतात. आठ वाजतात, नऊ वाजतात, तारेची ती खुटखुट चालूच. गेल्या गुरुवारी माझं डोकं फिरलं. मी त्यांचं मनगट धरलं आणि दाबलं. सोडायचं सुचलंच नाही. ते ओरडले नाहीत, नुसतं माझ्याकडे बघत राहिले. सकाळी मावशींनी निळे वळ बघितले. त्यावर तेल लावलं. मला माझीच भीती वाटते, दादा. समुद्रावर जाणं हे माझे लाड नव्हते. त्या एका तासाच्या जोरावर मी उरलेले तास माणसासारखी वागत होते.

तर आता काम सांगते, त्यासाठीच लिहायला बसले. कारखान्यात तुझ्या हाताखाली एवढी माणसं कुलपं घडवतात. मला एक कुलूप करून पाठव. बाबांना आता उघडेल, मग उघडेल असं वाटत राहिलं पाहिजे, आणि ते कधीच उघडता कामा नये. बाबा तार आधी कुठे घालतात, कुठे थांबून ऐकतात, हे तुझ्याशिवाय कोणालाच माहीत नाही. शिकलास तू त्यांच्याकडेच. हे वाचून तुला माझी किळस आली, बापासाठी असलं काही करायला तुझा हात धजला नाही, तर करू नकोस. बॅग भर आणि ये. सात ते आठ तू स्टुलाशेजारी बस, मी बाहेर जाते. यातलं तुला सोपं कुठलं जाईल ते मला माहीत आहे, म्हणून मापं देऊन ठेवते. फळीची जाडी पस्तीस मिलिमीटर. दार आत उघडतं. चावी एकच कर.

तुझीच,
बारकी