फाट्यावरची घरघर

सावदा, मंगळवार, संध्याकाळ

धाकट्या सुरेशने आबांचा केळी वाहणारा जुना ट्रक आज इंजिन काढून विजेवर चालणारा करून आणला. अंगणात येऊन उभा राहिला तरी स्वयंपाकघरात मला कळलं नाही. पूर्वी फाट्यावर त्याची घरघर ऐकू आली की आई चुलीवर तवा ठेवायची. आबा हातपाय धुऊन येईपर्यंत पहिली भाकरी फुगलेली असायची.

"अक्का, जुनं इंजिन भंगारात देऊ ना?"

"चोरासारखा आलास. तवा गार आहे," मी खेकसले. त्याचा चेहरा पडला. वर्षभर राबलाय त्यावर. मला राग नेमका कशाचा आला? इंजिन गोठ्यात जपून ठेवलं म्हणून गेलेले आबा थोडेच परत येणार आहेत?

वाढताना म्हटलं, "दे भंगारात. पण फाट्यावर आलास की हॉर्न वाजवत जा. तवा तापायला वेळ लागतो."