लेकीचं घेत नसतात

वाशीम,
रविवार, ६ एप्रिल २०२५

प्रिय माय,

वैभवीचा नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? बाबांचा खोकला थांबला का? हळद शिजवायची राहिली असेल तर बाबांना धुराजवळ बसू देऊ नको. पाडव्याला मी फोन केला होता. तू अंगणात असशील, म्हणून उचलला नसेल.

हे पत्र वैष्णवी वाचून दाखवील. वैष्णे, माय "ठेव ते" म्हणाली तरी शेवटपर्यंत वाच. तिचे हात कामात असले तरी कान मोकळे असतात.

मी मजेत आहे. अंगावर मोहाच्या फुलांचा वास घेऊनच परत आले, दोनदा डोकं धुतलं तरी जात नाही. आमच्या चर्चमधले आम्ही सहा जण आठवडाभर टेंभुरदऱ्याला गेलो होतो. मानोऱ्याच्या पुढे, डोंगराच्या पोटात आंध आदिवासींची वस्ती आहे ती. डांबरी रस्ता संपतो तिथून पुढे सगळा साग आणि पळस. आमच्याबरोबर एक नर्सताई होत्या, आणि पिकअपमध्ये प्रत्येक घरासाठी एक चादर. शाळेच्या खोलीत राहायचं, मुलांना गाणी-गोष्टी शिकवायच्या, आजाऱ्यांना तपासायचं, कोणी विचारलं तर प्रभूची गोष्ट सांगायची, असं ठरलं होतं. जाताना मला वाटत होतं, आपण काहीतरी मोठं देऊन येणार. तू असतीस तर हसली असतीस.

पोहोचलो तर वस्ती रिकामी. मोहाचे दिवस, सगळे पहाटेपासून रानात. संध्याकाळी टोपल्या घेऊन लोक परतले तेव्हा आमच्या पास्टरांनी सांगितलं की आपण थोरांचे पाय धुऊन सुरुवात करू. येशूने शेवटच्या रात्री आपल्या शिष्यांचे पाय धुतले होते, त्याची आठवण म्हणून. माझ्या वाट्याला रामीबाई आली. वस्तीतली सगळ्यांत म्हातारी, बोलायला तिखट. मी परात पुढे ठेवली तर तिने पाय लुगड्याखाली ओढून घेतले.

"पाय सून धुते, नाही तं लेक," ती म्हणाली. "तू कोन होय?"

तिचा मुलगा जगदेव मागून म्हणाला, सुनेची जागा तं भरली आहे बाप्पा. त्याची बायको तिथेच उभी होती, तिने त्याच्या पाठीत कोपर मारलं. सगळी वस्ती हसली. मी लाजून म्हणाले, मग लेक समजा.

"समजाचं काय त्याच्यात. पाय धुतले का होतेच." आणि तिने दोन्ही पाय परातीत ठेवले.

मला वाटलं, म्हातारीने गंमत केली. दुसऱ्या दिवशी चादरी वाटायला काढल्या तेव्हा कळलं. रामीबाई जागची हललीच नाही. लेकीचं घेत नसतात, म्हणाली. तिचं पाहून शेजारणीने हात मागे घेतला. रामीबाईची लेक म्हणजे वस्तीची लेक, मग कोणीच कसं घेणार? पास्टर समजावून थकले की या चादरी वैभवीच्या नाहीत, चर्चच्या आहेत. रामीबाईने विचारलं, पोरगी याच गाडीतून आली ना? मग गाडीतलं सगळं तिच्याच घरचं. पास्टर डोक्याला हात लावून हसायलाच लागले.

शेवटी वाट काढली जगदेवने. आपल्याकडे नाही का, वैशाली आत्याकडे गेलं की आजी आधी तिच्या हातावर काही ठेवायची आणि मगच पाणी प्यायची, तसं. एकेका घराने आधी माझ्या ओंजळीत काहीतरी टाकलं आणि मग चादर उचलली. वाळलेली मोहफुलं, चारोळी, डिंक, कोणी अंडी. एकीने कोंबडीचं पिल्लूच दिलं, ते माझ्या हातातून सुटून शाळेत शिरलं. येताना आमची गाडी जातानापेक्षा जास्त भरलेली होती.

मग मी रोज पहाटे रामीबाईबरोबर मोह वेचायला जायचे. झाडाखालचा पाला आधीच झाडून ठेवलेला असतो, त्यावर फुलं टपटप पडत राहतात. एका सकाळी तिनेच विचारलं, तो पाय धुणारा तुमचा देव, त्याले माय होती का? मी सांगितलं, होती. त्याला क्रुसावर खिळलं तेव्हा ती खाली उभी होती. मरता मरता त्याने आपल्या मित्राला सांगितलं की आता ही तुझी आई, हिला सांभाळ.

तिने ओंजळभर फुलं टोपलीत टाकली. मग वर न पाहता म्हणाली, "चांगला होता. आन तू तुया मायले कोनाले सोपवून आली?"

मी म्हणाले, धाकटी बहीण आहे घरी.

"एका लेकीनं दुसरीची जागा भरते काय?"

माय, मग मी तिला सगळं सांगितलं. बाप्तिस्मा घेतल्याचं, आणि दिवाळीला तू म्हणालीस ते. देव सोडला त्याचा या उंबऱ्याशी संबंध नाही, असं. मी देव सोडला नाही गं. मला तो या वाटेने भेटला, आणि ते मी परत घेणार नाही. ते खरं आहे आणि त्यातच मी सुखी आहे. पण त्या दिवसापासून मी कुठल्याच घरची नाही असं वाटायचं, ते तुला लिहायला इतके महिने लागले.

रामीबाईला त्यात काहीच अवघड वाटलं नाही. म्हणाली, "मी या घरात आली तवा माहेरचा देव तिकडंच ठेवून आली. इथला देव माया झाला. म्हनून मायनं मले टाकलं काय? वटी भरून धाडलं."

निघायच्या दिवशी तिने मला दारात उभं करून माझी ओटी भरली. तांदूळ, खोबऱ्याची वाटी आणि खण. कुंकवाचं बोट माझ्या कपाळापाशी आणून थांबली आणि विचारलं, तुमच्यात चालते का? मी काही बोलायच्या आत तिने ते बोट स्वतःच्याच कपाळाला लावलं आणि माझ्या गालावरून हात फिरवला. पास्टर गाडीजवळ उभे होते, ते बाकीच्यांना म्हणाले, सावकाश येऊ दे तिला.

ते तांदूळ मी अजून शिजवले नाहीत.

वैष्णवीने मला सांगितलं आहे की माझा पदवीचा फोटो अजून देव्हाऱ्याच्या वरच आहे आणि तू तो पदराने पुसतेस. तिला रागावू नको, मीच खोदून विचारलं होतं.

अक्षय्य तृतीयेला गावात सगळ्यांच्या लेकी माहेरी येतील. मीही येते आहे, मंगरूळपीरहून दुपारच्या गाडीने. लग्नबिग्न काही नाही, घाबरू नको. फक्त मला दुसऱ्या घरी दिलेली समज, जिचा देव तिकडचा झाला आहे. मी उंबऱ्याबाहेर थांबेन. आत्या आली की तू तिच्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळायचीस आणि पायांवर पाणी घालायचीस, तसं घाल.

आणि तू बाहेर नाही आलीस, तर अंगणातल्या रांजणातलं पाणी घेऊन मीच तुझे पाय धुवीन. पाय धुतले की लेक होतेच.

तुझीच, दिल्या घरची,
वैभवी