चंद्रिकेचं कन्नड

चि. शिवानंद यास,

तुझ्या बहिणीच्या, चंद्रिकेच्या डोक्यातली गाठ काढून तीन आठवडे झाले. बाकी सगळं बेस आहे, बोलणं तेवढं अडकलंय. मराठी तर पार गेली. पण तू आलास, "अक्का" म्हणालास आणि ती कन्नडमध्ये बोलायला लागली. हसलीसुद्धा की रे! पंचवीस वर्षं संसार केला मी आणि पहिलं हसू तुला?

बोलणं शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या होत्या, "जी भाषा येतेय तीत बोलत राहा, मराठी मागून येईल." ते मी तुला सांगितलं नाही. उलट डॉक्टरांनी भेटायला बंदी केलीय अशी थाप मारली आणि तुला परत गावाला, मैंदर्गीला धाडलं. कारखान्यात चाळीस मागांच्या खडखडाटात कुठला बिघडला ते मी कानानं ओळखतो. पण बायकोचं बोलणं कधी ऐकलं नाही; लग्न झाल्या झाल्या घरात तिचं कन्नड बंद केलं तेही मीच, गिऱ्हाइकं हसतील म्हणून.

तू गेल्यापासून चार दिवस ती गप्प होती. आज दुपारी भरवताना तिनं ताट माझ्याकडं सारलं आणि म्हणाली, "ऊटा माडरी." जेवा म्हणाली. एवढं कळलं मला. पण तिच्या भाषेत "तू पण जेव" म्हणता येईना, तर ती तोंड फिरवून बसली.

हे पत्र काही टाकत नाही, लाज वाटते. उद्या गाडी घेऊन तुला न्यायला स्वतःच येतो. वाटेत मला "तू पण जेव" कन्नडमध्ये शिकव. आणि घरात शिरल्यावर जरा गप्प राहा. ते आधी मी म्हणणार.

तुझा भावजी,
गुरुलिंग