सातवा फर्मा

आई, ती सोळा पानं तू वाचली होतीस की रचली होतीस? याचं उत्तर मला देता येत नाही. गेले काही महिने मी ते शोधते आहे, आणि शोधणं हे तर माझं पोटापाण्याचं काम आहे. हैदराबादेतल्या एका न्यूज पोर्टलमध्ये मी बातमीदार आहे. हे ऐकून तुला हसू आलं असतं, कारण आपल्या घरात बातमीदार म्हटलं की एकच माणूस आठवायचा: तुझ्या त्या रहस्यकथांच्या मालिकेतला, चुरगळलेल्या शर्टाचा, गावभर पायी हिंडणारा, पोलिसांच्या आधी खुन्यापर्यंत पोचणारा. बाबा त्याला पेपरवाला म्हणायचे. सिकंदराबादेहून रेल्वेची ड्युटी संपवून आले की चप्पल काढता काढता विचारायचे, "काय म्हणायला तुमचा पेपरवाला? सापडला का कुणी?" आणि तू तव्यावरची नजर न काढता म्हणायचीस, "त्याला सापडला. आम्हालाच फर्मा सापडंना."

फर्मा म्हणजे काय हे मला आता ऑफिसात समजावून सांगावं लागतं. छापलेला मोठा कागद घड्या घालून सोळा पानांचा होतो, असे फर्मे ओळीने एकावर एक ठेवले, शिवले, की पुस्तक होतं. तू सुलतान बाजारात एका कापड दुकानाच्या माडीवर बाइंडिंगच्या कामाला होतीस. बाकीच्या बायका तेलुगू, उस्ताद उर्दू वाचणारे, फर्म्यांवरचे मराठी आकडे ओळखणारी तू एकटी. म्हणून मराठी पुस्तकं आली की लांब टेबलाशी सगळ्यांत पुढे तुला उभं करत. नारायणगुड्याची माझी शाळा शनिवारी अर्धा दिवस असायची, मग मी तिथे यायची. मी कागदाच्या गठ्ठ्यावर बसले आहे, खळीचा आंबूस वास सगळीकडे आहे, आणि तुम्ही बायका टेबलाच्या कडेने एकामागून एक चालत प्रत्येक ढिगातून एकेक फर्मा उचलता आहात. तू मध्येच थांबतेस. मागची बाई तुझ्यावर आदळते. उस्ताद चष्म्यावरून बघतात. "क्या जी, फर्मे जमा रईं के पढ रईं?"

"दोनो, उस्ताद."

"अच्छा? तो हमकू बी बोलो, खून कौन करा?"

"ठैरो ना. अब्बी तो लाश मिली."

सगळ्या हसतात, उस्तादही. मग डबे उघडले की बायका तुझ्याभोवती सरकतात. "चेप्पक्का, चेप्पु," म्हणून एकजण तुझ्या गुडघ्यावर चापट मारते, सांग ना, सांग. आणि तू सांगतेस, अर्धं तेलुगूत, अर्धं दखनीत, मराठी पुस्तक. भाताचा घास घेतलेले हात अर्ध्यावर थांबतात. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्या आया हे करत असतील. आता दिवसभर तीन भाषांत बोलून, एक बातमी धड लिहिताना माझी दमछाक होते तेव्हा मला ती माडी आठवते.

खराब छापलेले फर्मे तुला घरी आणायची परवानगी होती. शाई पसरलेले, वाकडी घडी पडलेले, कोपरा फाटलेले. त्यामुळे आपल्या घरात त्या मालिकेतलं एकही पुस्तक सबंध कधी आलं नाही. कधी तिसरा फर्मा आणि शेवटचा, कधी नुसता मधला. माझी शाळा इंग्रजी, मला मराठी बोलता यायचं, वाचता नाही. तू वाचायचीस आणि जिथे कागद संपेल तिथे सांगायचीस. आधी मला विचारायचीस, "काय झालं असल मधी? तू सांग." मी काहीबाही सांगायची. तू मान हलवायचीस. "तसं झालं असतं तर मग पुढच्या पानावर तो लंगडला असता का? नीट बघ." तेव्हा ते खेळणं होतं. पुस्तकाची रिकामी जागा दोन्ही बाजूंनी चाचपून बघायची, आणि मग तिच्यात काय बसेल ते ठरवायचं. हे तुला कुणी शिकवलं, आई? तू सातवीपर्यंत शिकलेली, नांदेडकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन आलेली. घरात पहिली पदवी मी घेतली, विहारातल्या बायकांनी मला गुलाबाचं फूल दिलं, आणि तो खेळ मला अजून तुझ्यासारखा जमत नाही.

एकदा तू मला रागावलीस ते याच गोष्टींमुळे. वर्गात एका मुलीची कंपासपेटी गेली होती आणि सगळ्यांनी शाळेतल्या आयाबाईंच्या मुलीवर आळ घेतला. मी घरी येऊन ते मोठ्या चवीने सांगितलं. तू हातातलं काम थांबवलंस.

"तू बघितलं?"

"सगळे म्हणतायत."

"सगळे म्हणजे कोण? नावं सांग."

मला दोनच नावं सांगता आली, आणि त्या दोघींनीही बघितलं नव्हतं. "मग तुझ्या तोंडात ते आलंच कसं?" तू म्हणालीस, आणि जेवण होईपर्यंत माझ्याशी बोलली नाहीस. दुसऱ्या दिवशी मी वर्गात उभी राहून म्हटलं की मी काही बघितलेलं नाही. बाई म्हणाल्या, बस खाली. एवढंच झालं. पण तेव्हापासून माझ्या मनात तू आणि तो बातमीदार एकाच आवाजात बोलता.

आता ती सोळा पानं. त्या पुस्तकात सुलतान बाजारातला एक म्हातारा फोटोग्राफर त्याच्या अंधाऱ्या खोलीत मेलेला सापडतो. समोरच्या गॅलरीतल्या एका बाईने कुणालातरी जिना चढताना पाहिलं आहे, एवढं बातमीदाराला कळतं आणि सहावा फर्मा संपतो. आपल्याकडे सहावा होता आणि आठवा होता. आठवा सुरू होतो तेव्हा बातमीदार एका फ्रेमवाल्याच्या दुकानात पोचलेला आहे, पुरावा त्याच्या समोर आहे, आणि पेन काढताना त्याच्या बोटांना चिंचेचा वास येतो. ती गॅलरीतली बाई आठव्यात परत येतच नाही. तू आठवा वाचून दाखवलास तेव्हा मी विचारलं होतं, "चिंच कुठून आली?"

"ते सातव्यात असल."

"मग सातवा कुठंय?"

"सातवा चांगला छापला ना, बाई. म्हणून आपल्या घरी नाही आला."

पुढे काही दिवसांनी, संध्याकाळी, तू भाकरी थापत होतीस. मी परत चिंचेचं काढलं. "माझ्या हाताला पीठ हाय," तू म्हणालीस, "कागद कुठून धरू? ऐक तसंच." आणि तू सांगितलंस. बातमीदार त्या बाईच्या घरी जातो. ती चिंच फोडत बसली आहे, पुढ्यात ढीग आहे, ती वर बघत नाही. तो काही विचारत नाही. पाणी मागतो. मग खाली बसतो आणि तिच्याबरोबर चिंचोके काढायला लागतो. ती म्हणते, "पेपरात काम न्हाई का तुम्हाला?" तो म्हणतो, "हे झालं की जातो." ऊन गॅलरीतून सरकत जातं. ती तिच्या लेकीबद्दल बोलते, भाव उतरल्याबद्दल बोलते, आणि बोलता बोलता जिन्याबद्दल. सगळं सांगून झाल्यावर म्हणते, माझं नाव छापू नका, पोरीचं लगीन व्हायचंय. तो म्हणतो, मग माझ्याकडे पुरावा काय राहिला? ती म्हणते, "तुमचे पाय धड हायेत न्हवं? दुसरा हुडका." तू तव्यावर भाकरी टाकलीस, पाण्याचा हात फिरवलास आणि म्हणालीस, "आन् उठला तो. चिंचेचेच हात घेऊन गेला."

आजही कुणी बाई नाव नको म्हणाली की मी वाद घालत नाही. चप्पल घालते.

तू गेलीस तेव्हा मी दहावीत होते. मराठी नीट वाचायला मी कॉलेजात शिकले, त्या मालिकेसाठीच. लेखक आपल्याच शहरातले, तेही वारले होते, पुस्तकं रद्दीत गेलेली. यंदा महाराष्ट्रातल्या एका प्रकाशनाने ती सगळी मालिका पुन्हा काढायची ठरवली आणि फेसबुकवर आवाहन केलं: फोटोग्राफरच्या पुस्तकाची एकच प्रत मिळाली आहे, तिच्यात सातवा फर्मा बांधलेलाच नाही, कुणाकडे असेल तर कळवा. कुणाच्या तरी हातून टेबलावर एक ढीग चुकला होता, आई. पुस्तक सहाव्यावरून सरळ आठव्यावर जातं. ते आवाहन मी बसमध्ये वाचलं आणि माझा स्टॉप गेला. तू सांगितलेलं जसंच्या तसं, जेवढं आठवतं तेवढं, मी लिहून काढून पाठवलं. सोबत लिहिलं, हे माझ्या आईने सांगितलेलं आहे.

संपादकांचा दुसऱ्याच दिवशी फोन आला. माणूस भला आहे, आवाजात आनंद मावत नव्हता. "मॅडम, शंभर टक्के मूळ लेखकाचीच शैली! आणि चिंच जुळते की हो! पान एकशे तेरा बघा."

"एकशे तेरा आईनेही वाचलं होतं," मी म्हटलं. "आठवा फर्मा आमच्या घरी होता. तिने त्यावरून मागचं जुळवलं असेल."

"तुमच्या मातोश्री काय करायच्या?"

"बाइंडिंगमध्ये होत्या. फर्मे लावायच्या."

ते हसले, वाईट हसले नाहीत. "मग कसं शक्य आहे, मॅडम? अहो, मुरलेल्या लेखकाचं काम आहे ते. मातोश्रींनी वाचलं आणि लक्षात ठेवलं, हेच केवढं थोर आहे."

मी टीप घालायला सांगितली: हा मजकूर लेखकाचा की सांगणारीचा, हे माहीत नाही. ते म्हणाले, वाचकाला शंका दिली की रहस्यकथेची मजा जाते. आभारात तुमचं नाव घालतो, मातोश्रींचंही घालतो, पण पानं पानांच्या जागी जाऊ द्या.

मग मी चौकशीला लागले. माडीवर आता मोबाइलची कव्हरं मिळतात. उस्ताद कुठे गेले हे खालच्या कापडवाल्यालाही माहीत नाही. चिंच हा पुरावाच नव्हे, हैदराबादेत ती कुणाच्या घरी नसते? लेखकाच्याही असणार. मधल्या दिवसांत तू कामावर गेली होतीस, म्हणजे सातवा फर्मा उभ्या उभ्या वाचला असशील. किंवा मी विचारलं म्हणून चालता चालता रचला असशील. शेवटी बाबांना विचारलं. ते आता रिटायर झालेत, दुपारी गॅलरीत बसतात. "तुझी आई वाचलेलं काय अन् रचलेलं काय, एकाच आवाजात सांगायची," म्हणाले. "मला कधी कळलं नाही. मी विचारलं बी नाही. जेवायचं राहून जायचं, एवढं आठवतंय."

मी दोन्ही बाजूंनी विचार करून बघते. तू वाचलं असशील, तर टेबलाच्या कडेने चालताना, मागून धक्के खात, दोन ढिगांच्या मधल्या वेळात वाचलेली पानं तू इतकी पुरती घरी आणलीस की ऊन कुठून कुठे सरकलं तेही सांडलं नाही. आणि रचलं असशील, तर एका वासावरून मागे जाऊन तू एक बाई उभी केलीस, एक दुपार उभी केलीस, आणि छापलेल्या पुस्तकाच्या भोकात ती अशी बसवलीस की पुस्तकं करणाऱ्या माणसाला सांधा दिसला नाही. यांतलं कुठलंही खरं असलं तरी मी तुझ्यापुढे थक्क होऊन उभी राहते. फोनवरच्या त्या भल्या माणसाला पहिलं सहज पटलं आणि दुसरं मी सांगूनही शक्य वाटलं नाही. त्याचा राग मला उशिरा आला, आणि आला तो जाईना.

मोह झाला, आई, खोटं का सांगू. तू जन्मभर दुसऱ्यांची पुस्तकं लावलीस. एका पुस्तकाच्या पोटात तुझी सोळा पानं असती, कुणाला कळलं नसतं तरी असती. तुझं नाव आभारात का होईना छापलं गेलं असतं. मी दोनदा हो म्हणायला फोन उचलला.

काल मी संपादकांना लिहून कळवलं की ती पानं छापू नका, मी परत घेते आहे. पुस्तकात त्या जागी ‘पुढील मजकूर उपलब्ध नाही’ अशी एक ओळ येईल. कारण म्हणून मी लिहिलं की मजकूर कुणाचा याची खात्री नाही, आणि खात्री नसलेलं छापू देणं मला जमणार नाही. ऑफिसात सगळे म्हणाले, बरोबर केलंस. ते कारण खरं आहे, पण पुरतं खरं नाही, आणि हे फक्त तुला सांगते. एवढी वर्षं बातम्या करूनही छापलेलं मला खरं वाटतं. ती गोष्ट लेखकाच्या नावाने छापून आली असती, तर वर्ष-दोन वर्षांत मीही ती त्यांचीच धरून चालले असते. म्हणून छापू दिली नाही.