भिंतीवरची चेरीची फळी

दुकानाच्या भिंतीवर टांगलेली कोरीव चेरीची फळी मला खरोखर केवढ्याला पडली, ते आधी सांगतो: आठ महिने नुसता भात आणि खारवलेला मुळा, माझी दिवंगत पत्नी ओ-मासा हिच्या कासवपाठीच्या तिन्ही फण्या, आणि कोरणारा तोमेकिची याच्याशी तेवीस वर्षांचा अबोला.

मी, हिनोकिया योहेई, वय त्रेसष्ट, रंगीत चित्रे छापून विकणारा, राहणार एदो, पूर्ण शुद्धीत आणि कोणी मनगट धरलेले नसताना माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवतो. या शहरात आलो तेव्हा अंगावरचा अंगरखासुद्धा दुसऱ्याचा होता. पुढे जे उभे केले ते दोन कानांच्या जोरावर. गल्लीतल्या सार्वजनिक स्नानगृहाच्या वाफेत बसून मी ऐकत असे, पुढच्या नाटकात कोण कोणते सोंग घेणार. पडदा उघडायच्या आत त्या नटाचे चित्र माझ्या दुकानात झळकलेले असे. हे कान एकदाही चुकले नाहीत. 'पळता चोर' हे चित्र त्याची साक्ष. न्हाव्यापासून होडीवाल्यापर्यंत घरोघर ते लागले. ते जिच्यावरून छापले, तीच ही फळी.

घर व दुकान मुलगी ओ-त्सुने हिला. घरजावई बुन्जिरो याला स्नानगृहातला माझा कोपरा. तिथे त्याने तोंड मिटून बसावे. तो म्हणतो, "बाबा, जुन्या फळीवर रंधा मारला की नव्या चित्राची सोय होते." बाकीच्या फळ्यांवर खुशाल मारावा. ही फळी तोमेकिचीची.

तोमेकिची आणि मी रोज समोरासमोर चहा घेतो आणि ओ-त्सुनेमार्फत बोलतो. चित्र गाजले तेव्हा कडेला आपले नाव कोरू द्या, असे तो म्हणाला होता. चित्रकाराचे नाव होते, माझ्या दुकानाचा शिक्का होता. मी म्हणालो, "कोरणाऱ्याचं नाव कोण वाचतं?" ते शब्द मी मागे घेतो. त्याने आपले नाव कोरावे, आणि पुढची प्रत्येक प्रत त्या नावासकट छापली जावी.

ठिकाण एदो. बुन्सेई आठवे वर्ष, अकरावा महिना, तिसरा दिवस.
लिहिणार: हिनोकिया योहेई (शिक्का)
साक्षीदार: क्यूबेई, आमच्या गल्लीचा कारभारी (शिक्का), तोमेकिची, लाकूड कोरणारा

पुरवणी. वाचून झाल्यावर तोमेकिचीने शिक्का परत कमरेला खोचला.

"ओ-त्सुने, बाबांना सांग, कानांचं ते वाक्य आहे तोवर माझा शिक्का नाही. नाव आलं की लोक विचारणार, तू नेमकं काय केलंस?"

"त्याला सांग, वाक्य राहील."

"राहू दे. मग खाली खरंही लिहा म्हणावं."

म्हणून लिहितो. पहिल्या खेळाला चोर म्हणून भलताच नट आला. छापलेल्या सगळ्या प्रती चुलीत गेल्या. तोमेकिचीने फळीतले डोके कापून काढले, तिथे नवे लाकूड ठोकले आणि त्यावर आलेल्या नटाचे डोके कोरले. बोट फिरवले तर मानेपाशी सांधा लागतो.

(तोमेकिचीचा शिक्का)